सर्व्हरमध्ये या क्षणी किती रिक्वेस्ट आहेत? गेज मेट्रिकची ओळख आणि वापर

या पाठात आपण वेब सर्व्हरच्या देखरेखीतील एका साध्या आकड्याचा अभ्यास करणार आहोत. आत आलेल्या, पण ज्यांचे उत्तर अजून गेलेले नाही अशा रिक्वेस्ट या क्षणी किती आहेत, हा तो आकडा. इंग्रजी पुस्तकांत त्यांना ‘इन-फ्लाइट’ किंवा ‘इन-प्रोग्रेस’ रिक्वेस्ट म्हटलेले आढळेल. आपण ‘चालू रिक्वेस्ट’ म्हणू. एचटीटीपी, प्रोसेस आणि थ्रेड या कल्पना तुम्हाला माहीत आहेत असे धरले आहे. प्रॉमिथियस आधी वापरले नसले तरी अडणार नाही.

हा आकडा मोजायला कोडच्या दोन ओळी पुरतात, आणि कदाचित म्हणूनच तो सर्वांत शेवटी आठवतो. प्रकल्प करणारे विद्यार्थी डॅशबोर्डवर आधी तीन आलेख लावतात: दर सेकंदाला किती रिक्वेस्ट, त्यांतल्या किती चुकल्या, उत्तराला किती वेळ लागला. तिन्ही आवश्यकच आहेत. पण सर्व्हर जेव्हा पूर्ण अडकतो, त्या पहिल्या मिनिटात या तिन्ही आलेखांवर जवळजवळ काहीच दिसत नाही. असे का होते, हे समजणे हा या पाठाचा मुख्य हेतू आहे.

अभ्यासिकेची वही

कॉलेजच्या अभ्यासिकेच्या दारात एक वही असते. आत जाताना नाव आणि वेळ लिहायची, बाहेर पडताना त्याच ओळीत पुन्हा वेळ लिहून सही करायची. या वहीतून तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे मिळतात.

आज किती जण येऊन गेले? पूर्ण झालेल्या ओळी मोजा. हा आकडा दिवसभर वाढतच जातो, कधी कमी होत नाही. अशा मोजमापाला काउंटर म्हणतात.

आत्ता आत किती जण आहेत? ज्या ओळींत बाहेर पडल्याची वेळ नाही त्या मोजा. हा आकडा वाढतो आणि घटतोही. हा गेज.

एक जण साधारण किती वेळ बसतो? दोन वेळांतील फरक काढा. अशा अनेक फरकांची गटवारी ठेवली की हिस्टोग्राम होतो.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे नीट पाहा. जो अजून आतच बसला आहे त्याचा फरक काढताच येत नाही, कारण दुसरी वेळ लिहिलेलीच नाही. समजा दुपारी चार वाजता दाराचे कुलूप बिघडले आणि कोणालाच बाहेर पडता येईना. साडेचार वाजता वही पाहून सरासरी काढणाऱ्याला चारपर्यंतचीच सरासरी मिळेल, आणि ती अगदी रोजच्यासारखी असेल. पहिल्या प्रश्नाचे उत्तरही ‘थोडे कमी जण गेले’ इतकेच सांगेल. आत मोठी गर्दी अडकली आहे हे फक्त दुसऱ्या प्रश्नातून कळते.

सर्व्हरमध्ये नेमके हेच घडते. रिक्वेस्टचा काउंटर बहुधा उत्तर देऊन झाल्यावर वाढवला जातो, कारण २०० की ५०० हा स्टेटस कोड तेव्हाच कळतो. लागलेला वेळ तर संपल्याशिवाय मोजताच येत नाही. म्हणजे ही मोजमापे संपलेल्या कामाची नोंद ठेवतात. चालू कामाची नोंद फक्त गेजकडे असते.

काउंटर आणि गेज हा भेद वेबपेक्षा जुना आहे. नेटवर्क उपकरणांच्या देखरेखीसाठी वापरल्या जाणाऱ्या एसएनएमपीच्या १९९० सालच्या आरएफसी ११५५ या दस्तऐवजात हे दोन्ही प्रकार वेगवेगळे व्याख्यित केलेले आहेत. पुढे आरआरडीटूल या साधनानेही तीच नावे ठेवली. साउंडक्लाउड कंपनीत २०१२ साली सुरू झालेल्या प्रॉमिथियसमध्ये काउंटर, गेज, हिस्टोग्राम आणि समरी असे चार प्रकार आहेत. प्रॉमिथियस ठरावीक अंतराने, समजा दर १५ सेकंदांनी, सर्व्हरकडे जाऊन सर्व आकडे वाचून आणते. या वाचनाला ‘स्क्रेप’ म्हणतात. हा शब्द पुढे वारंवार येईल.

अडकलेला सर्व्हर, सेकंदासेकंदाने

एक काल्पनिक पण ओळखीचे उदाहरण घेऊ. निकाल दाखवणारी एक साइट आहे. पुढे एनजिनएक्स, मागे ६४ वर्कर असलेले अॅप्लिकेशन आणि त्यामागे डेटाबेस. सेकंदाला ४० रिक्वेस्ट येतात आणि प्रत्येकीला सरासरी पाव सेकंद लागतो. साधारण १० वर्कर कामात, बाकीचे ५४ मोकळे.

आता कोणीतरी गुणांच्या टेबलवर मोठा बदल चालवला आणि संपूर्ण टेबलला लॉक लागला. त्या क्षणी चालू असलेल्या १० रिक्वेस्ट थांबल्या. नव्या येतच आहेत. ५४ मोकळे वर्कर भरायला ५४ भागिले ४०, म्हणजे दीड सेकंदही लागत नाही. त्यानंतर आलेली प्रत्येक रिक्वेस्ट दारातच उभी राहते.

लॉक लागून ३० सेकंद झाल्यावर डॅशबोर्ड पाहू. दर सेकंदाच्या रिक्वेस्टचा आलेख गेल्या ५ मिनिटांच्या सरासरीवर काढलेला असतो. त्या ३०० सेकंदांपैकी २७० सेकंद ठीक गेले, म्हणून आलेख ४० वरून ३६ वर आलेला दिसेल. एवढा चढउतार रोजच होतो. एररचा आलेख शून्यावर, कारण चुकीचे उत्तरसुद्धा अजून कोणाला गेलेले नाही. वेळेचा आलेख पूर्वीसारखाच पाव सेकंदाजवळ, कारण अडकलेल्यांपैकी एकही त्यात धरलेली नाही. एनजिनएक्स मागच्या सर्व्हरच्या उत्तराची वाट मूळ सेटिंगनुसार ६० सेकंद पाहते आणि मगच ५०४ देते. म्हणजे पहिली एरर दिसायलाच एक मिनिट जाते.

चालू रिक्वेस्टचा गेज मात्र पुढच्याच स्क्रेपला, म्हणजे जास्तीत जास्त १५ सेकंदांत, १० वरून ६४ वर गेलेला असतो.

येथे एक व्यावहारिक अडचण आहे. मेट्रिक दाखवणारे पानही त्याच ६४ वर्करपैकी एखादा देत असेल, तर सगळे अडकल्यावर स्क्रेपही अडकेल आणि ज्या वेळी आकडा हवा त्याच वेळी तो मिळणार नाही. म्हणून मेट्रिकचे पान वेगळ्या पोर्टवर, वेगळ्या थ्रेडमधून द्यावे. बहुतेक क्लायंट लायब्ररींत ही सोय असते. ती न वापरणे हा माझ्या मते आळस आहे.

लिटलचा नियम

वरच्या उदाहरणात ‘साधारण १० वर्कर कामात’ हा आकडा कोठून आला? जॉन लिटल यांनी १९६१ साली ज्याची सिद्धता प्रकाशित केली, त्या नियमातून. रांगांच्या सिद्धांतातील हा कदाचित सर्वांत उपयोगी नियम असेल:

आत असलेल्यांची सरासरी संख्या = येण्याचा सरासरी दर × आत राहण्याचा सरासरी वेळ

४० × ०.२५ = १०. रिक्वेस्ट कोणत्या क्रमाने हाताळल्या जातात, त्या एकसारख्या अंतराने येतात की झुंडीने, याच्याशी नियमाला देणेघेणे नाही. एकच अट आहे: दीर्घ काळात जेवढ्या आत येतात तेवढ्या बाहेरही पडल्या पाहिजेत.

या नियमाचा एक छान परिणाम फारसा शिकवला जात नाही. वेळेचा हिस्टोग्राम ठेवताना प्रॉमिथियसची लायब्ररी सर्व वेळांची एकूण बेरीजही ठेवते. एका मिनिटात २,४०० रिक्वेस्ट संपल्या आणि प्रत्येकीला पाव सेकंद लागला, तर ती बेरीज ६०० सेकंदांनी वाढेल. ६०० भागिले ६० म्हणजे १०. वेळांच्या बेरजेचा दर सेकंदाला वाढण्याचा वेग हीच चालू रिक्वेस्टची सरासरी संख्या! अभ्यासिकेच्या भाषेत, एका तासात माणसे मिळून दहा तास बसली असतील, तर सरासरी दहा जण आत होते.

मग गेज कशाला, असे तुम्ही विचाराल. कारण ही बेरीजही संपलेल्या रिक्वेस्टचीच आहे. सारे सुरळीत असताना गेजची सरासरी आणि बेरजेचा वेग जवळजवळ जुळतात. गेज ६४ दाखवतो आणि बेरजेवरून २ निघतात, तर ६२ रिक्वेस्ट आत जाऊन बाहेर आलेल्याच नाहीत, किंवा गेजच्या कोडमध्ये चूक आहे. दोन्ही आलेख एकावर एक ठेवून पाहण्याची सवय लावा.

आता अडकण्याऐवजी नुसते मंदावणे घेऊ. डेटाबेस हळू झाला आणि पाव सेकंदाऐवजी २ सेकंद लागू लागले. नियमानुसार ४० × २ = ८० वर्कर हवेत; आहेत ६४. मग सेकंदाला जास्तीत जास्त ६४ ÷ २ = ३२ रिक्वेस्ट बाहेर पडतील आणि दर सेकंदाला ८ दाराबाहेर साचतील. एका मिनिटात ४८०. अॅप्लिकेशनचा गेज मात्र ६४ वर सपाट राहील. बाहेर ५ जण उभे आहेत की ५००, हे त्याला कळत नाही, कारण वर्करने हातात घेतल्याशिवाय त्या रिक्वेस्टसाठी कोडची पहिली ओळही चालत नाही.

म्हणून मर्यादेला टेकून सपाट झालेल्या रेषेचा अर्थ ‘स्थिर आहे’ असा घेऊ नका. डोंगराचे शिखर कापून पठार केल्यासारखी ती रेषा असते. खरी उंची पाहायची तर रांग मोजावी लागते. पीएचपी-एफपीएमच्या स्टेटस पानावर ‘लिसन क्यू’ हा आकडा त्यासाठीच दिलेला आहे. लिनक्सवर ‘एसएस’ कमांडमध्ये लिसन अवस्थेतील सॉकेटसमोर ‘रिसीव्ह-क्यू’ या स्तंभात कर्नलकडे थांबलेल्या कनेक्शनची संख्या दिसते.

दोन ओळी नीट लिहिणे

आत येताना एक वाढवा, बाहेर पडताना एक घटवा. इतके सोपे असूनही हा कोड चुकीचा लिहिलेला बराच आढळतो. पुन्हा अभ्यासिकेची वही आठवा. मागच्या दाराने निघून गेलेला विद्यार्थी सही करत नाही, आणि वहीच्या मते तो कायम आतच बसलेला असतो.

सर्व्हरमध्ये मागची दारे बरीच असतात. मध्येच एक्सेप्शन आली, लॉगिन नसल्यामुळे फंक्शन लवकर परतले, वापरकर्त्याने ब्राउझरची खिडकी बंद केली, टाइमआउटने काम रद्द झाले. घटवण्याची ओळ फंक्शनच्या शेवटी साधेपणाने लिहिली असेल, तर या प्रत्येक वाटेवर ती चुकते. म्हणून रचना अशी हवी:

    गेज वाढवा
    ट्राय:
        उत्तर = रिक्वेस्ट हाताळा
        उत्तर पाठवा
    फायनली:
        गेज घटवा

गो भाषेत हेच काम ‘डिफर’ करतो, पायथनमध्ये ‘विथ’. पायथनच्या प्रॉमिथियस लायब्ररीत ‘ट्रॅक_इनप्रोग्रेस’ आणि गोच्या लायब्ररीत ‘इन्स्ट्रुमेंट-हँडलर-इनफ्लाइट’ हे तयार मिळते. जमेल तेथे तेच वापरा.

गळका गेज कसा ओळखायचा? दिवसाचा आलेख न पाहता आठवड्याचा पाहा आणि तळाकडे लक्ष द्या. पहाटे तीनला कोणीही नसताना आकडा शून्याजवळ यायला हवा. सोमवारी पहाटे ०, मंगळवारी ७, बुधवारी १५ असा तळ चढत असेल तर कोठेतरी घटवणे राहते आहे. सर्व्हर रोज रात्री रीस्टार्ट होत असेल तर गेज शून्यावरून सुरू होतो आणि गळती झाकली जाते. रीस्टार्ट थांबवल्यावरच ती उघडी पडते.

उलट आकडा शून्याखाली गेला, तर? उणे ३ रिक्वेस्ट असू शकत नाहीत. एक शक्यता अशी की एखाद्या वाटेवर दोनदा घटवले जाते. दुसरी शक्यता तुम्हाला ऑपरेटिंग सिस्टिमच्या तासाला भेटलेली आहे. ‘एक वाढवा’ म्हणजे प्रत्यक्षात तीन पायऱ्या: वाचा, मिळवा, लिहा. दोन थ्रेडनी एकाच वेळी १० वाचले, दोघांनी ११ लिहिले, एक वाढ हरवली. यासाठी अॅटॉमिक व्हेरिएबल किंवा लॉक लागतो. तयार लायब्ररी ही काळजी घेतात. स्वतःच्या ग्लोबल व्हेरिएबलमध्ये मोजणारे घेत नाहीत.

असिंक्रोनस कोडमध्ये वेगळाच सापळा आहे. साध्या फंक्शनसाठी लिहिलेला डेकोरेटर असिंक फंक्शनवर लावला, तर फंक्शन बोलावताच एक कोरुटीन हातात येते, डेकोरेटरला वाटते काम झाले, आणि तो लगेच घटवतो. खरे काम त्यानंतर सुरू होते. गेज कायम शून्य दाखवतो आणि पाहणाऱ्याला वाटते सर्व्हर निवांत आहे. चढणारा तळ निदान डोळ्यांत भरतो, हा कायमचा शून्य भरत नाही. म्हणून गेज लावल्यावर एकदा मुद्दाम मंद रिक्वेस्ट पाठवून तो १ होतो का, हे पाहावेच.

पायथनची साइट गुनिकॉर्नसारख्या सर्व्हरवर चार प्रोसेसमध्ये चालत असेल तर प्रत्येक प्रोसेसची मेमरी वेगळी, म्हणून गेजही चार. स्क्रेप त्यांतल्या कोणत्याही एकीकडे जाते आणि आकडा उड्या मारताना दिसतो. पायथनच्या लायब्ररीत यासाठी बहुप्रोसेस पद्धत आहे. तिच्यात चालू रिक्वेस्टसाठी ‘लाइव्हसम’ हा पर्याय निवडावा. तो फक्त जिवंत प्रोसेसची बेरीज करतो. मेलेल्या प्रोसेसबरोबर तिच्या अर्धवट रिक्वेस्टही गेल्या, त्या मोजण्यात अर्थ नाही.

आणखी एक निर्णय तुम्हालाच घ्यावा लागतो: रिक्वेस्ट ‘संपली’ कधी म्हणायची? मोठी फाइल हळूहळू पाठवली जात असेल, किंवा वेबसॉकेट तासभर उघडे असेल, तर ती चालू धरायची का? वर्कर अडकून राहत असेल तर धरावी, पण वेगळ्या लेबलखाली. नाहीतर शंभर निवांत वेबसॉकेटच्या आड दहा अडकलेल्या रिक्वेस्ट लपतात. लेबलबाबत एवढेच लक्षात ठेवा की रूटचे नाव चालेल, वापरकर्त्याचा क्रमांक चालणार नाही. प्रत्येक नवे मूल्य म्हणजे एक स्वतंत्र मालिका साठवावी लागते.

गेज म्हणजे छायाचित्र

काउंटर दोन स्क्रेपच्या मधले काही हरवत नाही. मधल्या १५ सेकंदांत हजार रिक्वेस्ट झाल्या तर पुढच्या वाचनात हजार वाढलेले दिसतातच. गेज मात्र त्या क्षणाचे छायाचित्र आहे. दोन छायाचित्रांच्या मध्ये कोणी आले, गर्दी केली आणि निघून गेले, तर त्याचा मागमूस राहत नाही.

सकाळी दहाच्या ठोक्याला रेल्वेचे एसी तत्काळ आरक्षण उघडते तेव्हा सगळा देश एकाच क्षणी बटण दाबतो. अशा लोंढ्याचे छोटे रूप कोणत्याही साइटवर येऊ शकते. लोंढा २ सेकंद टिकला आणि स्क्रेप दर १५ सेकंदांनी असेल, तर तो दिसण्याची शक्यता १५ पैकी २, म्हणजे सुमारे १३ टक्के. ‘मॅक्स_ओव्हर_टाइम’ हे फंक्शन लावून उपयोग नाही. ते घेतलेल्या छायाचित्रांतील सर्वांत मोठे देते, न घेतलेल्यांतील नाही.

यावर उपाय सर्व्हरच्या बाजूलाच करावा लागतो. पीएचपी-एफपीएम ‘मॅक्स अॅक्टिव्ह प्रोसेसेस’ म्हणून सुरू झाल्यापासूनचा उच्चांक ठेवते. स्वतः उच्चांक ठेवायचा झाल्यास ‘वाचला की शून्य करा’ असे करू नका. दोन प्रॉमिथियस सर्व्हर वाचत असतील तर पहिला दुसऱ्याच्या वाट्याचा उच्चांक पुसून टाकतो. मला अधिक आवडणारा मार्ग असा: प्रत्येक नवी रिक्वेस्ट आत येताना गेजवर जो आकडा दिसेल, तो एका हिस्टोग्राममध्ये नोंदवावा. हिस्टोग्रामच्या खाली काउंटरच असतात, त्यामुळे दोन सेकंदांचा लोंढाही नोंदला जातो. शिवाय ‘येणाऱ्याला आत किती गर्दी भेटली’ हे वापरकर्त्याच्या अनुभवाशी थेट जुळणारे मोजमाप आहे.

काउंटरसाठीची फंक्शने गेजला लावू नयेत, हेही येथेच सांगतो. ‘रेट’ आणि ‘इन्क्रीज’ असे मानतात की आकडा कमी झाला म्हणजे सर्व्हर रीस्टार्ट झाला. गेजची वाचने १०, ३, १२ असतील तर प्रत्यक्ष वाढ २ आहे. ‘इन्क्रीज’च्या हिशोबात १० नंतर शून्यापासून ३ आणि मग आणखी ९, म्हणजे १२ वाढ होते. क्वेरी बिनतक्रार चालते, आलेखही सुंदर येतो, फक्त त्याला अर्थ नसतो. गेजचा कल पाहायचा तर ‘डेल्टा’ किंवा ‘डेरिव्ह’ वापरा.

एनजिनएक्स आणि अपाची काय सांगतात

स्वतःचा कोड न लिहिताही काही गेज मिळतात. एनजिनएक्सचे ‘स्टब_स्टेटस’ मॉड्यूल सुरू केले की एक छोटे पान मिळते. त्यातले ‘अॅक्सेप्ट्स’, ‘हँडल्ड’ आणि ‘रिक्वेस्ट्स’ हे काउंटर आहेत; ‘अॅक्टिव्ह’, ‘रीडिंग’, ‘रायटिंग’ आणि ‘वेटिंग’ हे गेज. विद्यार्थी बहुधा ‘अॅक्टिव्ह’ उचलतात. पण ‘अॅक्टिव्ह’मध्ये ‘वेटिंग’ धरलेले असते, आणि ‘वेटिंग’ म्हणजे कीप-अलाइव्हमुळे उघडी राहिलेली, काहीही न मागणारी कनेक्शन. चालू रिक्वेस्टच्या जवळ जाणारा आकडा ‘रायटिंग’ आहे. रिक्वेस्टचे हेडर वाचून झाले की ती यात येते आणि मागच्या सर्व्हरची वाट पाहत असतानाही यातच राहते. म्हणून आपल्या उदाहरणातील दाराबाहेरची रांग अॅप्लिकेशनच्या गेजमध्ये दिसली नाही, तरी येथे दिसते. साइट पूर्ण शांत असताना ‘रायटिंग’ १ दिसले तर गोंधळू नका. ती तुमचीच स्टेटस विचारणारी रिक्वेस्ट असते.

अपाचीत ‘मॉड_स्टेटस’ कामात असलेले आणि मोकळे वर्कर सांगते. मर्यादा ‘मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स’ने ठरते: प्रीफोर्क पद्धतीत मूळ मूल्य २५६, वर्कर आणि इव्हेंट पद्धतींत ४००. टॉमकॅटमध्ये ‘मॅक्सथ्रेड्स’ मूळ २००. हे आकडे पाठ करण्यासाठी दिलेले नाहीत. चालू रिक्वेस्टचा गेज मर्यादेशिवाय वाचता येत नाही, एवढे त्यातून लक्षात यावे. १९० ही संख्या अपाचीत आरामाची असेल, टॉमकॅटमध्ये धोक्याची. म्हणून मर्यादाही गेज म्हणून बाहेर द्यावी आणि इशारा गुणोत्तरावर लावावा, उदाहरणार्थ चालू भागिले मर्यादा सलग दोन मिनिटे ०.८ च्या वर. नेमकी टक्केवारी आणि मिनिटे तुमच्या साइटच्या रोजच्या चढउतारावरून ठरवा.

अनेक सर्व्हर असतील तर सरासरीवर इशारा लावू नका. दहापैकी एक पूर्ण भरला आणि नऊ १० टक्क्यांवर असतील, तर सरासरी १९ टक्के येते, आणि दर दहा वापरकर्त्यांतील एक पांढऱ्या पानाकडे पाहत बसलेला असतो. सर्वांत भरलेल्या सर्व्हरचे गुणोत्तर पाहा.

उलट दिशेचा धोकाही आहे. समजा एका सर्व्हरचा डेटाबेसशी संपर्क तुटला आणि तो प्रत्येक रिक्वेस्टला दोन मिलिसेकंदांत ५०० देऊ लागला. त्याचा गेज शून्याजवळ जाईल. एनजिनएक्समध्ये ‘लीस्ट_कॉन’ ही वाटणीची पद्धत लावली असेल, तर ज्याच्याकडे चालू कनेक्शन कमी त्याच्याकडे नवी रिक्वेस्ट जाते, म्हणजे हा बिघडलेला सर्व्हरच सर्वांत जास्त रिक्वेस्ट ओढून घेईल. कमी गेज म्हणजे निरोगी सर्व्हर, असे म्हणता येत नाही. एररचा काउंटर शेजारी हवाच.

स्वाध्याय

स्वतःच्या लॅपटॉपवर एक लहान सर्व्हर लिहा. त्यात ८ थ्रेडचा पूल ठेवा आणि प्रत्येक रिक्वेस्टला अर्धा सेकंद झोपवा. चालू रिक्वेस्टचा गेज आणि वेळेचा हिस्टोग्राम लावा. मेट्रिक वेगळ्या पोर्टवर द्या. मग अपाची बेंच वापरून एकूण ५०० रिक्वेस्ट, एका वेळी २० अशा पाठवा.

१. गेज किती दाखवतो? २० का दाखवत नाही?

२. सगळे संपायला सुमारे ३१ सेकंद लागतील. लिटलच्या नियमाने हा आकडा आधी काढून दाखवा.

३. हिस्टोग्राम प्रत्येक रिक्वेस्टला अर्धा सेकंद लागला असे सांगेल, तर अपाची बेंच सुमारे सव्वा सेकंद सांगेल. दोघेही खरे बोलत आहेत. मधला पाऊण सेकंद कोठे गेला, आणि तो पाहण्यासाठी कोणता गेज कोठे लावावा लागेल?

४. कोडमधून ‘फायनली’ काढून टाका, दर दहाव्या रिक्वेस्टला मुद्दाम एक्सेप्शन द्या आणि प्रयोग पुन्हा करा. सगळे संपल्यावर गेज कोठे थांबला? सर्व्हर त्यानंतरही नव्या रिक्वेस्ट घेतो का? घेत असेल तर गुणोत्तरावर लावलेल्या इशाऱ्याचे काय होईल, ते लिहा.